उशिराचं व्याज कोण भरतं?

चंदीगडच्या सेक्टर 34 मध्ये संध्याकाळी एक बॅच सुटते आणि दुसरी आत शिरते, तेव्हा पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नसते. खाली दुकानं आणि वर ऑफिसं असलेल्या इथल्या इमारतींना ‘एससीओ’ म्हणतात. त्यांच्या प्रत्येक मजल्यावर पाट्या आहेत : नीट, जेईई, बँकिंग, यूपीएससी, आयईएलटीएस. पाट्यांवर मागच्या वर्षी पास झालेल्या मुलांचे फोटो आणि फोटोखाली रँक. मी समाजशास्त्रात पीएचडी करते. माझा विषय कोचिंगचा बाजार, त्यामुळे गेली दोन वर्षं इथल्या चहाच्या टपऱ्यांवर बसून मी मुलांशी आणि त्यांच्या आईबापांशी बोलते आहे. मराठवाड्यातून इकडे येताना वाटलं होतं की इथं शिकवणी विकली जाते. शिकवणी विकली जातेच, पण तो निम्माच माल आहे. उरलेला निम्मा माल म्हणजे सवड, आणि ती आईबापांनी घरूनच आणावी लागते.

इथं ‘ड्रॉपर बॅच’ नावाचा प्रकार आहे. बारावी झाली, हवी ती रँक आली नाही, तर मुलगा एक वर्ष कुठंच प्रवेश न घेता पुन्हा तयारी करतो. गरज पडली तर दुसरं वर्षही. त्याला कुणी वाया गेलेला म्हणत नाही. घरचे म्हणतात, ‘त्यानं ड्रॉप घेतलाय.’ आमच्या वस्तीतला मुलगा फी भरता आली नाही म्हणून वर्षभर घरी बसला, तर सरकारी अहवालात त्याची नोंद ‘ड्रॉपआउट’ अशी होते. दोघांचंही एक वर्ष कॉलेजबाहेर गेलं. पहिल्याच्या वर्षाला गुंतवणूक म्हटलं गेलं आणि दुसऱ्याच्या वर्षाला गळती. या दोन शब्दांमधलं अंतर हुशारीचं नाही. एकाच्या घरात दोन वर्षं थांबण्याइतका पैसा, जमीन आणि पगार पिढ्यांपासून साठलेला आहे, दुसऱ्याच्या घरात तो साठूच दिलेला नाही.

वंचित घरांतल्या तरुणांना शिक्षणात आणि नोकरीत आणण्यासाठी सरकारी योजना आहेत, त्या हे अंतर कमी करण्यासाठीच. शिष्यवृत्ती, वसतिगृह, निर्वाहभत्ता, फेलोशिप, मोफत कोचिंग. या लेखात मला एकच गोष्ट म्हणायची आहे. या योजनांचं मोजमाप आपण चुकीच्या फुटपट्टीनं करतो. किती कोटी मंजूर झाले आणि किती लाभार्थी झाले, हे आपण विचारतो. पैसे कोणत्या तारखेला हातात पडले, हे विचारत नाही. जात आज या योजनांमध्ये सर्वांत बिनबोभाट काम करते ती तारखेतून. नकार दिला तर कोर्टात जाता येतं. उशीर केला तर कुठंच जाता येत नाही.

माझ्या घरचा हिशेब सांगते. एम.ए.च्या पहिल्या वर्षी माझी शिष्यवृत्ती मंजूर झाली. मंजूर म्हणजे पोर्टलवर माझ्या नावापुढं तसं दिसलं. खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे आणि फीचा पहिला हप्ता भरायला आईनं बचत गटातून 20,000 रुपये उचलले. व्याज महिन्याला शेकडा 2. शिष्यवृत्ती आली की फेडू, असं ठरलं. ती यायला 16 महिने लागले. महिन्याला 400 प्रमाणे आईनं 6,400 रुपये व्याज भरलं. तेव्हा आमच्या गावात बाईमाणसाची रोजी 200 रुपये होती. म्हणजे 32 दिवसांची निंदणी-खुरपणी. पैसे आले तेव्हा ते पूर्ण आले. सरकारी कागदावर माझं एका रुपयाचंही नुकसान झालेलं नाही. मी यशस्वी लाभार्थी आहे.

त्या 16 महिन्यांत धाकट्या भावानं आयटीआयचा विचार सोडला आणि पुण्याला एका गोदामात कामाला लागला. बचत गटाचा हप्ता थकवणं आईला लाजेचं वाटत होतं. भावाचं नाव कोणत्याच योजनेच्या अहवालात नाही, कारण तो कधी अर्जदारच झाला नाही. एका लेकराला मिळालेल्या मदतीच्या उशिराची किंमत दुसऱ्या लेकरानं मोजली, हे कोणत्या रकान्यात भरायचं?

इथं बुडैलमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मुलीची गोष्ट वेगळी नाही. बुडैल म्हणजे चंदीगड वसवताना शहराच्या पोटात आलेलं जुनं गाव. सेक्टर 34 पासून चालत जाण्याइतकं जवळ आणि भाड्यानं परवडणारं, म्हणून बाजाराची नोकरमाणसं इथं राहतात. ही मुलगी माळव्यातल्या भूमिहीन मजहबी शीख घरातली. पंजाबात 2017 ते 2020 या तीन वर्षांची अनुसूचित जातींच्या मुलांची पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती थकली. कॉलेजांनी सरकारकडून येणं असलेल्या पैशांसाठी मुलांना वेठीला धरलं. कुणाचे रोल नंबर अडवले, कुणाच्या पदव्या. शेवटी राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाला त्यात लक्ष घालावं लागलं. 2011 च्या जनगणनेनुसार पंजाबची जवळपास 32 टक्के लोकसंख्या अनुसूचित जातींची आहे, देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वाधिक. तिथली ही कथा. या मुलीची पदवी दोन वर्षं कॉलेजच्या कपाटात होती. आता ती सेक्टर 34 मधल्या एका क्लासच्या काउंटरवर फोन घेते आणि त्या बदल्यात संध्याकाळच्या बँकिंग बॅचला मागच्या बाकावर बसते. आलेल्या पालकांना ड्रॉपर बॅचची माहिती तीच देते. ‘दीदी, एज रिलॅक्सेशन है ना अपना,’ ती मला म्हणते. आहे. वयात सूट आहे. पण ती सूट मिळालेली पाच वर्षं खायचं काय, याची तरतूद कुठंही नाही.

कुणी म्हणेल, सरकारी काम आहे, उशीर व्हायचाच, आणि तो सगळ्यांनाच होतो. हे खरं नाही. या देशाच्या कायद्याला उशिराची किंमत चांगली कळते. आयकर जास्त भरला गेला आणि परतावा द्यायला सरकारनं उशीर केला, तर आयकर कायद्यानुसार महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. छोट्या उद्योजकाचं बिल 45 दिवसांच्या आत चुकतं केलं नाही, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदाराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. इतकंच काय, रोजगार हमीची मजुरी हजेरीपट बंद झाल्यावर 15 दिवसांत मिळाली नाही, तर सोळाव्या दिवसापासून रोज 0.05 टक्के भरपाईची तरतूद मनरेगात केली गेली. ती प्रत्यक्षात किती मजुरांना मिळाली हा वेगळा भांडणाचा विषय आहे, पण निदान कागदावर मजुराच्या दिवसाला भाव होता.

आता माझ्या 20,000 रुपयांना हेच दर लावा. मी करदाती असते तर 16 महिन्यांचे 1,600 रुपये मिळाले असते. मनरेगाच्या दरानं दिवसाला 10 रुपये, म्हणजे 480 दिवसांचे 4,800. शिष्यवृत्तीधारक म्हणून मिळाले शून्य. करदात्याचा वेळ, व्यापाऱ्याचा वेळ, निदान कागदावर मजुराचा वेळ, या सगळ्याला कायद्यानं मोल दिलं. दलित-आदिवासी विद्यार्थ्याच्या वेळेला दिलं नाही. कारण करदात्याला जे परत मिळतं ते त्याचं ‘येणं’ आणि आम्हाला जे मिळतं ती ‘मदत’. मदतीला तारीख नसते. देणाऱ्याच्या मर्जीनं ती येते आणि घेणाऱ्यानं आभार मानायचे असतात.

मुळात ही मदत नव्हतीच. 1882 मध्ये हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. म्हणजे येणं आमचंच होतं. अनुसूचित जातींसाठीची पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती 1944 पासून सुरू झाली. त्याआधी 1942 मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला सविस्तर निवेदन देऊन उच्च शिक्षणासाठी पैशांची मागणी केली होती. ती विनवणी नव्हती, हिशेब होता.

उशिराचा अर्थ बाबासाहेबांइतका कुणी भोगला असेल? 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले आणि 1916 मध्ये लंडनला. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. मग बडोद्याची नोकरी, तिथं राहायला जागा न मिळणं, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून पैसा पैसा साठवणं. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, यांवर ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला पोचले. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. ती जिद्दीची आहेच. पण ती तीन वर्षांच्या खंडाचीही गोष्ट आहे. त्या काळातल्या सर्वांत उदार संस्थानिकाची शिष्यवृत्तीसुद्धा अभ्यासाच्या गरजेवर चालली नाही, मुदतीवर चालली. खंड भरून काढायला प्रत्येकाला शाहू महाराज भेटत नाहीत.

उशीर आपोआप होत नाही, तो रचनेत बसवलेला असतो. 2020 पर्यंत पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीचं सूत्र असं होतं की मागच्या पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी जेवढा खर्च झाला तेवढं ओझं राज्यानं उचलायचं आणि त्यावरचं केंद्रानं. परिणामी 2017-18 ते 2019-20 या काळात केंद्राचा वाटा वर्षाला साधारण 1,100 कोटींवर आला. हा आकडा केंद्र सरकारनंच डिसेंबर 2020 मध्ये नवी रचना जाहीर करताना दिला. राज्य म्हणे केंद्रानं दिले नाहीत, केंद्र म्हणे राज्यानं हिशेब दिला नाही. पंजाबातल्या माझ्या शेजारणीची तीन वर्षं नेमकी याच भांडणात गेली. नव्या रचनेत केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के देतं. पण आधी राज्यानं आपला वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात टाकायचा आणि मग केंद्रानं. म्हणजे विद्यार्थी अजूनही दोन सरकारांच्या मधल्या बाकावर बसलेला आहे. भांडण कुणाचंही असो, व्याज त्याच्या घरात चालू असतं.

महाराष्ट्रातही तेच चित्र. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या संशोधक विद्यार्थ्यांनी 2023 मध्ये आझाद मैदानापासून पुण्यापर्यंत ठाण मांडलं. पात्र असलेल्या सगळ्यांना फेलोशिप द्या, आणि ती पीएचडीच्या नोंदणीच्या तारखेपासून द्या, ही त्यांची मागणी होती. तारखेची मागणी लक्षात घ्या. संशोधन ज्या दिवशी सुरू होतं त्या दिवसापासून भूक लागते, निवड यादी लागते त्या दिवसापासून नाही. सरकारनं उत्तर काय दिलं? चाळणी परीक्षा घेतली. 24 डिसेंबर 2023 च्या त्या परीक्षेत 2019 च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका आली. मग 10 जानेवारी 2024 ला फेरपरीक्षा, तिच्यावरही गोंधळ आणि बहिष्कार. नोंदणी होऊन बसलेल्या संशोधकांचे महिने असे खर्ची पडले. त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं होतं, पीएचडी करून काय दिवे लावणार? दिवा लावायला तेल लागतं, आणि ते रात्र उलटून गेल्यावर आलं तर उपयोग नसतो, एवढंच त्यावर म्हणते.

केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती घ्या. 2025 च्या जुलैत राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी 106 विद्यार्थी निवडले गेले. सुरुवातीला पत्रं मिळाली 40 जणांना, बाकीच्यांचं निधीच्या उपलब्धतेवर अवलंबून. परदेशी विद्यापीठांचं सत्र ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं. व्हिसाची मुलाखत, विमानाचं तिकीट, राहायची सोय, या सगळ्याला तारखा असतात. ‘निधी उपलब्ध झाल्यास’ या तीन शब्दांत तारीख नसते.

मग सरकार हातात लगेच दिसेल असं काय देतं? कोचिंग. अनुसूचित जाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मोफत कोचिंग योजना आहे. देशभरात वर्षाला 3,500 जागा, 70:30 असं प्रमाण. मी कोचिंगच्या विरोधात नाही. पण सेक्टर 34 मध्ये दोन वर्षं बसल्यावर सांगते, क्लास हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे. महाग असतं ते क्लासनंतरचं वर्ष. नापास झाल्यावर पुन्हा बसण्याचं, जाहिरात निघेपर्यंत थांबण्याचं, निकाल लागल्यावर नेमणूक येईपर्यंत तग धरण्याचं वर्ष. बाजारातल्या मुलाला ते बाप देतो. आमच्या मुलांना ते कुणी देत नाही, आणि योजना मात्र सांगते की आम्ही तुम्हाला समान संधी दिली.

नोकरीच्या योजनांचंही असंच. महाराष्ट्रात 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटलं. बारावी पास मुलाला महिना 6,000, आयटीआय-पदविकाधारकाला 8,000, पदवीधराला 10,000. मुदत सहा महिने. पुढं ओरड झाल्यावर आणखी पाच महिने वाढवली. अकरा महिने सरकारी कार्यालयात काम केलेल्या तरुणांना बाराव्या महिन्यात आंदोलनाला बसावं लागलं. पैसा दिला, काम दिलं, उद्या दिला नाही.

मला ठाऊक आहे, पुढचा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा असतो. पडताळणी नको का? हवी. पण महाराष्ट्रातला शिष्यवृत्ती घोटाळा आठवा. चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं ते शिक्षणसंस्थांच्या हिशेबांसाठी. लबाडी संस्थाचालकांची आणि दरवर्षी नव्यानं उत्पन्नाचा दाखला, हजेरीचा दाखला, आधार जोडणीचा दाखला आणायचा तो मात्र विद्यार्थ्यानं. ही पडताळणी करणाऱ्या साहेबांचा पगार त्यांची हजेरी तपासून होईपर्यंत 16 महिने अडवून बघा.

आणि थोडं आपल्याबद्दलही. आपल्या चळवळीलाही उशीर सुंदर करून दाखवायची सवय लागली आहे. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात आपण गुणवंतांचा सत्कार करतो. ‘उपाशी राहून अधिकारी झाला’, ‘रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला’ अशी ओळख करून देतो. टाळ्या पडतात. तो उपाशी का राहिला, त्या महिन्यात त्याची शिष्यवृत्ती कोणाच्या टेबलावर होती, हे सूत्रसंचालक विचारत नाही. माझाही असा सत्कार झाला आहे. शाल घेताना मला गोदामातला भाऊ आठवत होता आणि मी बोलले मात्र जिद्दीवर. ती चूक माझी. आपल्या हालांची शोभा करून आपण सरकारला पुढच्या पिढीच्या हालांचा परवाना देतो.

म्हणून मागणी बदलायला हवी. निधी वाढवा, ही मागणी राहूच द्या. तिच्या शेजारी तारखेची मागणी ठेवा. प्रत्येक शिष्यवृत्तीला, निर्वाहभत्त्याला आणि फेलोशिपला देय तारीख कायद्यानं ठरवा. ती चुकली की व्याज आपोआप खात्यात जमा झालं पाहिजे, अर्ज न करता. ते व्याज अनुसूचित जाती-जमातींच्या निधीतून कापायचं नाही, ज्या खात्यानं उशीर केला त्याच्या प्रशासकीय खर्चातून द्यायचं. सरकारकडं थकलेल्या पैशांसाठी मुलांचे दाखले, हॉल तिकिटं आणि पदव्या अडवणाऱ्या कॉलेजांवर दंड बसला पाहिजे. आणि जिल्हावार यादी दर तिमाहीला जाहीर झाली पाहिजे : मंजुरीची तारीख, जमा झाल्याची तारीख, मधले दिवस. करदात्यासाठी हे करता येतं तर आमच्यासाठी न करण्याला तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही.

हे होईपर्यंत एक काम आपण आजपासून करू शकतो. शिष्यवृत्ती घेतलेल्या प्रत्येकानं दोन तारखा लिहून ठेवा, मंजूर झाल्याची आणि खात्यात आल्याची. मधल्या काळात कुणाकडून, किती टक्क्यांनी उसने घेतले तेही लिहा. घरातलं कोणतं शिक्षण, कोणतं लग्न, कोणतं औषध त्यासाठी पुढं ढकललं तेही लिहा. वस्तीतल्या बचत गटांच्या वह्यांत ही सगळी माहिती आहे, कारण आपल्या आयांनी हप्ते तारखेनं भरले आहेत. जिल्ह्याजिल्ह्यातून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि सरकारची वही आयांच्या वहीशेजारी ठेवा. मी माझ्या आईची वही मागवली आहे. 400 रुपयांच्या सोळा नोंदी आहेत तिच्यात, प्रत्येक नोंदीपुढं तारीख आणि तिचा अंगठा.